कात्री लपवू नका, शिकवा

कुणाची भाकरी चालू असेल, कुणी गोठ्यात असाल, कुणी मशिनीवर बसला असाल. हातातलं काम थांबवू नका, कान तेवढा इकडे द्या.

आज आम्ही कात्रीबद्दल बोलणार आहोत. आपल्या शिवणाच्या कात्रीबद्दल नाही, तर तीन, चार, पाच वर्षांच्या लेकरांच्या हातातल्या कात्रीबद्दल.

आता तुमच्यातली एखादी म्हणेल, "बाई गं, एवढ्याशा पोराच्या हातात कात्री? बोट तुटलं म्हणजे?" तुमचं चुकत नाही. दोन वर्षांपूर्वीपर्यंत आम्हीही हेच म्हणत होतो. कात्री दिसली की कपाटावर टाकायची, पोरानं हात लावला की हातावर चापट द्यायची, एवढंच आम्हाला माहीत होतं. मग एक दिवस जे घडलं, ते तुम्हाला आधी सांगतो. सांगताना आमचीच मान खाली जाते, पण सांगायलाच पाहिजे.

आमच्या गटाकडे शाळेच्या गणवेशाची शिलाई आली होती. समाजमंदिरात सहा मशिनी मांडलेल्या. ज्यांना घरी कुणी सांभाळणारं नाही, त्या लेकरांना सोबत घेऊन येतात. त्या दिवशी दुपारी आम्ही सगळ्याजणी बाहेर ओट्यावर डबा खायला बसलो होतो. आत आमच्यातल्या एकीचा चार वर्षांचा मुलगा होता. झोपलाय असं वाटलं होतं. अर्ध्या जेवणात आतून किंचाळी आली.

धावत गेलो. कापडाची मोठी, जड कात्री जमिनीवर पडलेली. शेजारी शर्टाच्या बाह्या, कापून चिंध्या झालेल्या. आणि त्याच्या पायाच्या अंगठ्यातून रक्त येत होतं.

त्याच्या आईनं काय केलं? आधी त्याच्या पाठीत धपाटा घातला. मग दुसरा. रक्त पुसलं त्यानंतर. आणि आम्ही? आम्ही दहाजणी तिथं उभ्या होतो. एकीनंही तिचा हात धरला नाही. खरं सांगतो, कारण आमची नजर बाह्यांवर होती. कापड मोजून आलेलं. चार शर्टांच्या आठ बाह्या गेल्या होत्या.

संध्याकाळी बैठक झाली. नुकसान तिच्या शिलाईच्या पैशातून कापायचं ठरलं. दोनशे चाळीस रुपये. ती "बरं" म्हणाली. रजिस्टरमध्ये लिहिलं, सगळ्यांनी सह्या केल्या. कात्र्या कुलपात गेल्या. आम्हाला वाटलं, प्रश्न मिटला.

दोन दिवसांनी अंगणवाडीच्या ताई आल्या. तो मुलगा अंगणवाडीत येत नव्हता, म्हणून विचारायला आल्या होत्या. आम्ही त्यांना हकिकत सांगितली आणि फाटक्या बाह्याही दाखवल्या, बघा काय प्रताप केलेत म्हणून. ताईंनी एक बाही हातात घेतली, उजेडात धरली आणि म्हणाल्या, "ही खडूची रेघ बघितली का तुम्ही?"

आम्ही बघितलं. कापणी वाकडीतिकडी होती, पण खडूच्या रेघेच्या आजूबाजूनंच गेली होती. पोरगं नासधूस करत नव्हतं. रोज आपली आई जे करते, तेच करायला बसलं होतं. कात्री एका हाताला जड, म्हणून त्यानं ती दोन्ही हातांनी धरली. मग कापड धरायला हात राहिला नाही, म्हणून ते पायाखाली दाबलं. आणि पायच कापला.

ताई एवढंच म्हणाल्या, "त्याला बघून जेवढं आलं तेवढं त्यानं केलं. शिकवलं कुणी होतं?"

मैत्रिणींनो, त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

त्यानंतर महिनाभर दर शनिवारी ताईंनी आम्हाला आणि आमच्या लेकरांना एकत्र बसवलं. त्यातून आम्ही जे शिकलो ते आज तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट, कात्री कशासाठी? कात्री चालवताना मूठ उघडते, मिटते. अंगठा आणि बोटं वेगवेगळी कामं करतात. एक हात कापतो, दुसरा कागद धरतो आणि फिरवतो. डोळा रेघेवर असतो. हीच ताकद पुढं पेन्सिल धरायला लागते, शर्टाचं बटण लावायला लागते, वेणी घालायला लागते. पहिलीत गेलेलं लेकरू दोन ओळी लिहून "हात दुखतो" म्हणतं, तेव्हा आपण त्याला आळशी म्हणतो. पुष्कळदा ते आळशी नसतं, त्याच्या हाताला सवय नसते.

दुसरी गोष्ट, कधी सुरू करायचं? साधारण अडीच-तीन वर्षांचं लेकरू कच्चकन एक चीर पाडू शकतं. तीन ते चारमध्ये कात्री पुढं सरकवत कागदाचे दोन भाग करतं. चार ते पाचमध्ये रेघेवरून कापायला लागतं. पाच-सहाला गोल आणि चौकोन जमायला लागतात. पण हे काही घड्याळ नाही. शेजारणीच्या पोराला येतं आणि आपल्याला नाही, म्हणून रागावू नका. कुणी लवकर शिकतं, कुणी उशिरा.

तिसरी गोष्ट, कात्री द्यायच्या आधी हात तयार करायचा. त्यासाठी काही विकत आणायला नको. कणीक मळताना एक गोळा त्याच्यासमोर ठेवा, दाबू दे, वळू दे. ओला फडका पिळू दे. कपडे वाळत घालताना दोरीला चिमटे लावू दे. शेंगा फोडू दे, पण तुमच्या नजरेसमोर. तीन वर्षांखालच्या लेकराला शेंगदाणे, मणी देऊन एकटं सोडू नका, घशात किंवा नाकात जातात. आणि जुना पेपर फाडू दे. फाडताना दोन्ही हात उलट दिशेनं जातात. कात्रीच्या आधीचा धडा तोच.

आपल्या आजूबाजूच्या वस्तूंनीच लेकरांना शिकवायचं, ही गोष्ट नवी नाही. 1945 साली ताराबाई मोडकांनी तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यात, बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. महागडी साधनं गावात परवडणार नाहीत, म्हणून त्यांनी खडे, पानं, बिया, माती हीच साधनं केली. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. आज आपण अंगणवाडी म्हणतो, तो शब्द त्यांच्या त्या कामातला.

आता कात्री कोणती घ्यायची? आपली शिवणाची नको. ती जड असते आणि टोकदारही. लहान, गोल टोकाची, हातात मावेल अशी घ्या. वह्यांच्या दुकानात तीस-चाळीस रुपयांत मिळते. पण दुकानातच पेपराचा तुकडा कापून बघा. बोथट किंवा ढिली कात्री कागद कापत नाही, दुमडते. मग लेकरू जोर लावतं, हात वाकडा होतो आणि शेवटी "मला येत नाही" म्हणून ठेवून देतं. चूक कात्रीची असते.

धरायची कशी? अंगठा वरच्या कडीत. मधलं बोट खालच्या कडीत, कडी मोठी असेल तर त्याच्या शेजारचं बोटही. अंगठ्याजवळचं बोट कडीच्या बाहेर, खालून आधाराला. कोपर अंगाजवळ. अंगठा वर, आभाळाकडे.

हे "अंगठा वर" लेकरांच्या लक्षात राहत नाही, हात उलटा होतो. त्यावर आमच्यातल्या एकीनं युक्ती काढली. तिनं स्वतःच्या कपाळावरची टिकली काढली आणि पोरीच्या अंगठ्याच्या नखावर चिकटवली. "टिकली दिसली पाहिजे बरं का." टिकली दिसतेय म्हणजे अंगठा वर आहे. मग कागद धरणाऱ्या हाताच्या अंगठ्यावरही एक टिकली लावली. दोन्ही टिकल्या दिसल्या की हात बरोबर. पोरांना खेळ झाला आणि आमचं ओरडणं वाचलं.

कागद कोणता? इथं आम्ही सुरुवातीला चुकलो. पातळ पेपर सोपा असेल असं वाटलं होतं. पण पातळ कागद लवतो. थोडा जाड कागद सरळ उभा राहतो, म्हणून शिकायला तोच सोपा. आणि जाड कागद आपल्या प्रत्येकीच्या घरात ढिगानं पडलेला असतो. कोणता? लग्नपत्रिका! फक्त पत्रिकेवर गणपतीचं किंवा कुलदैवताचं चित्र असेल तर ते आधी काढून बाजूला ठेवा, म्हणजे घरात सासूबाईंचं मन दुखावणार नाही.

आता पायऱ्या ऐका. एका दिवसात सगळ्या चढायच्या नाहीत.

पहिली पायरी. कणकेच्या बोटाएवढ्या वळ्या करा आणि कात्रीनं त्याचे तुकडे करू द्या. तुकडे शेळीला घाला, वाया काही जात नाही. कात्री मात्र धुऊन, पुसून ठेवा.

दुसरी पायरी. पत्रिकेच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या करून द्या. एकदा कच्च केलं की तुकडा पडला पाहिजे. लगेच यश मिळतं, लेकरू खूश होतं. ते तुकडे चिकटवून चित्र करता येतं.

तिसरी पायरी. कागदाच्या कडेला चिरा पाडायच्या, झालरीसारख्या. आम्ही त्याला "शेतातलं गवत" म्हणतो.

चौथी पायरी. जाड पेनानं सरळ रेघ काढा आणि तिच्यावरून कापायला सांगा. इथं एक गोष्ट शिकवायची, की कात्री दर वेळी टोकापर्यंत मिटायची नाही. थोडी मिटायची, उघडायची, पुढं सरकवायची. म्हणजे कड सरळ येते.

पाचवी पायरी. कोपरे आणि गोल. गोल कापताना कात्री नाही फिरवायची, दुसऱ्या हातानं कागद फिरवायचा. भाकरी थापताना आपण हात फिरवतो की भाकरी? भाकरीच फिरते. तसंच हे.

शिकवताना लेकराच्या समोर बसू नका, शेजारी बसा. समोर बसलं की त्याला सगळं उलटं दिसतं. आणि दहा मिनिटं पुरे. हात दमला की चुका होतात, चुका झाल्या की आपण ओरडतो.

आता डावखुऱ्या लेकरांचं. आमच्या गटातल्या एका ताईची पोर सगळं डाव्या हातानं करायची. कात्रीही डाव्या हातात घ्यायची आणि कागद नुसता दुमडायचा. तिची आई म्हणायची, "उजव्या हातात धर म्हणजे जमेल." पोर रडायची. मग अंगणवाडीच्या ताईंनी कारण समजावलं. नेहमीची कात्री उजव्या हातासाठी बनवलेली असते. उजव्या हातानं दाबलं की दोन्ही पाती एकमेकींना घासतात. तीच डाव्या हातात घेतली की पाती एकमेकींपासून फाकतात, आणि रेघही पात्याच्या मागं झाकली जाते. पोरीचा दोष काहीच नव्हता. तालुक्याच्या दुकानात सांगून डाव्या हाताची कात्री मागवली आणि पहिल्याच दिवशी तिनं पट्ट्या पाडल्या. घरात डावखुरं लेकरू असेल तर त्याचा हात बदलू नका, कात्री बदला. आणि तुम्ही उजव्या हाताच्या असाल तर अशा लेकराच्या मात्र समोर बसून शिकवा. आरशात बघितल्यासारखं त्याला बरोबर दिसतं.

घरातून विरोधही होईल. आमच्याकडे एक आजी म्हणाल्या, "रिकामी कात्री वाजवली की घरात भांडणं होतात." आम्ही वाद घातला नाही. म्हटलं, "आजी, खरंय, रिकामी नाहीच द्यायची. कागदासकट देऊ." आजी हसल्या. आता त्याच नातवासाठी जुन्या पत्रिका सांभाळून ठेवतात.

दुसरा विरोध असा, की "मुलाला कशाला? पोरीला शिकवा, शिवणकाम येईल." मैत्रिणींनो, सात-आठ वर्षांच्या पोरीला आपण विळीवर भाजी चिरायला बसवतो आणि तिच्या भावाच्या हाताला काहीच लागू देत नाही. कात्री दोघांना शिकवा. हात दोघांनाही आहेत.

आता नियम. आमच्याकडे पाच आहेत आणि लेकरांना तोंडपाठ आहेत. कात्री बसूनच वापरायची. कात्री घेऊन पळायचं नाही. चालायचंच असेल तर मिटलेली पाती मुठीत आणि टोक खाली. दुसऱ्याला देताना कडीकडून द्यायची. आणि कागद सोडून काही कापायचं नाही: केस नाही, कपडा नाही, वायर तर नाहीच नाही. सहावा नियम मोठ्यांसाठी. लेकराच्या हातात कात्री असताना आपण तिथंच बसायचं. नुसतं घरात असणं म्हणजे जवळ असणं नव्हे. आणि आपली मोठी कात्री काम झालं की उंच खिळ्याला.

एवढं करूनही कधी लागलंच, तर? आधी धपाटा नाही. आधी वाहत्या स्वच्छ पाण्यानं जखम धुवा. स्वच्छ कापडानं दाबून धरा. त्यावर चहापूड, राख, माती काही भरू नका. रक्त थांबत नसेल किंवा जखम खोल असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. लसीकरणाचं कार्ड सोबत ठेवा. धनुर्वातापासून वाचवणारा डोस दीड-दोन वर्षांच्या सुमारास आणि पुन्हा पाच ते सहा वर्षांत असतो, तो राहिला नाही ना, ते आशाताईंना विचारा. आणि डोळ्याला काही लागलं तर चोळायचं नाही, दाबायचं नाही, पाणी मारत बसायचं नाही. तडक दवाखाना गाठायचा.

आता त्या दोनशे चाळीस रुपयांचं सांगतो. पुढच्या महिन्याच्या बैठकीत आमच्यातल्याच एकीनं विषय काढला. म्हणाली, "लेकरं आपण सगळ्याजणी आणतो. कात्री आपण सगळ्यांनी खाली ठेवली. जेवायला सगळ्याजणी बाहेर गेलो. मग पैसे एकटीचे का कापले?" बराच वेळ कुणी बोललं नाही. दोघीतिघींना ते पटलंही नव्हतं, त्या म्हणाल्या, असं केलं तर कुणी जबाबदारीच घेणार नाही. चर्चा झाली. शेवटी नुकसान सगळ्यांत वाटून घ्यायचं ठरलं आणि तिचे पैसे परत केले. आधीचा ठराव रद्द केल्याचं रजिस्टरमध्ये लिहिलं. त्याच बैठकीत दुसरा ठराव केला, की शिलाईच्या वेळी पाळीपाळीनं एकजण लेकरांकडे बघेल आणि त्या वेळेचे पैसे तिला मिळतील. कारण लेकरं सांभाळणं हेही कामच आहे. समाजमंदिराच्या एका कोपऱ्यात आता एक खोका आहे. त्यात चार लहान कात्र्या, एक डाव्या हाताची, जुन्या पत्रिका आणि एक टिकल्यांचं पाकीट. खोक्याची किल्ली ज्या बाईची पाळी असेल तिच्याकडे.

तुमच्या गटात लेकरं सोबत येत असतील तर हा विषय येत्या बैठकीत जरूर काढा. काही घडायच्या आधी काढा. आम्ही घडल्यावर काढला.

आणि घरी एवढं करा. या आठवड्यात एक जुनी पत्रिका काढा, तिच्या बोटभर पट्ट्या करा, लेकराच्या शेजारी दहा मिनिटं बसा. तुकडे वाकडे पडतील, पडू द्या. आमच्यातल्या कितीतरी जणींनी कात्री पहिल्यांदा धरली ती लग्नानंतर, शिवणाच्या वर्गात, आणि तेव्हा आमचेही हात थरथरत होते.

तो मुलगा आता पहिलीत आहे. पायाच्या अंगठ्यावरचा व्रण अजून दिसतो. शनिवारी समाजमंदिरात येतो तेव्हा लहान पोरांना तो व्रण दाखवतो आणि मोठ्या माणसासारखा सांगतो, "कागद पायानं धरायचा नाही. हातानं धरायचा."

त्याला आता कळलंय. आम्हालाही.

आज इथंच थांबतो.